जावा १७ वर ‘ओपन्स नाही’ची एरर: फ्लॅग चिकटवायच्या आधी काय बघायचं, कुठल्या क्रमानं करायचं

आपल्याकडं लातूर, नांदेड, परभणी, जालना, कुठंबी जा, मोंढ्यातल्या आडतीचं नाहीतर जिनिंगचं नाहीतर पतसंस्थेचं असं जावा ८ वर लिहिलेलं सॉफ्टवेअर अजून मस्त चालू असतं, आणि मग एक दिवस नवीन मशीन येतं, त्यावर कुणीतरी जावा १७ टाकतं आणि लाल अक्षरात भलीमोठी एरर येते की जावा.बेस मॉड्यूल (जावाच्या स्वतःच्या मूळ कोडचा गठ्ठा) अमुक पॅकेज ‘ओपन्स’ करत नाही, म्हणजे आतल्या कोडला हात लावू देत नाही म्हणून. मग पोरं काय करायलेत, तर एरर कॉपी करून सर्चमध्ये टाकतात, कुणाचीतरी दहा ओळींची फ्लॅगची, म्हणजे जावा सुरू करताना द्यायच्या पर्यायांची, यादी मिळते, ती जशीच्या तशी चिकटवतात. चाललं तर चाललं. नाही चाललं तर अजून दहा ओळी.

हे असं करू नका. क्रम असा ठेवा: एरर वाचा, कोण कुणाला हात लावतंय ते शोधा, लायब्ररी अपडेट करा, स्वतःचा कोड सुधारा, आणि एवढं करून उरलं तर आणि तरच फ्लॅग. खाली त्याच क्रमानं लिहिलंय.

एक आधीच सांगतो, कमांड आणि क्लासची नावं मी इथं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंगनं टाइप करा, पण डॅश, ठिपके, तिरकी रेघ आणि बरोबरचं चिन्ह जिथल्या तिथं ठेवा कारण निम्म्या चुका तिथंच होतात.

## ० – तयारी

एकाच मशीनवर जावा ८, ११ आणि १७ तिन्ही टाका. ८ कशाला ते कळतंय, जुनं वागणं कसं होतं ते ताडून बघायला. पण ११ कामून? तर ९ पासून १५ पर्यंतच्या जावामध्ये आतल्या कोडला रिफ्लेक्शननं, म्हणजे चालू प्रोग्रॅममधून नावानं शोधून, हात लावला तर फक्त वॉर्निंग यायची, काम चालू राहायचं. १६ मध्ये डिफॉल्टच ‘नाही’ झालं आणि १७ मध्ये तर ती सूट देणारा पर्यायच काढून टाकला. म्हणजे ११ वर तुम्हाला सगळ्या चुकांची यादी एका दमात मिळते, १७ वर मात्र पहिल्या चुकीला धाडकन आपटतं, ती दुरुस्त केली की दुसरी, मग तिसरी, असं दिवसभर. सरळ ८ वरून १७ वर उडी मारणारे इथंच वेळ घालवतात.

दुसरी तयारी म्हणजे स्क्रीनची यादी. रिफ्लेक्शनची चूक कंपाइल करताना दिसत नाही, ती ओळ प्रत्यक्षात चालली तरच दिसते. प्रोग्रॅम सुरू झाला, लॉगिन झालं, म्हणजे पास झालं असं समजू नका. आडतीचं सॉफ्टवेअर असेल तर आवक नोंद, सौदा, शेतकऱ्याची हिशोबपट्टी, हमाली-तोलाईचा रिपोर्ट, खरेदीदाराचं बिल, बॅकअप, रिस्टोर, वर्षअखेर, असं सगळं कागदावर लिहा आणि टेस्ट नसतील तर हातानं एकेक उघडून बघायची तयारी ठेवा. वर्षअखेर सगळेच विसरतात आणि ती मार्चमध्ये फुटते.

बिल्ड टूलचंबी, म्हणजे कोड कंपाइल करून जार बनवणाऱ्या ग्रेडल-मेव्हनसारख्या टूलचंबी, बघा. ग्रेडल जावा १७ वर चालवायचं तर ७.३ किंवा पुढचं लागतं, जुनं ग्रेडल स्वतःच पडतं आणि माणूस आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

तपासा: टर्मिनलमध्ये जावा -व्हर्जन आणि मेव्हन -व्हर्जन दोन्ही द्या. दोन्हीकडं एकच जावा दिसतोय का? पाथमध्ये १७ आणि जावा-होममध्ये ८, हे फार कॉमन आहे.

## १ – एरर शेवटपर्यंत वाचा

सगळ्या एरर एकाच जातीच्या नसतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. चार चेहरे ओळखता आले पाहिजेत.

पहिला, इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन. कुणीतरी सेट-ॲक्सेसिबल करून प्रायव्हेट फील्ड किंवा मेथड उघडायला गेलं आणि मॉड्यूलनं नाही म्हटलं. मेसेजमध्ये ‘डझ नॉट ओपन्स’ असे शब्द असतात. ह्याला ओपन्स लागतं.

दुसरा, इललीगल ॲक्सेस एरर. हे रिफ्लेक्शन नाही. कुणाच्यातरी कंपाइल झालेल्या कोडमध्ये जावाच्या आतल्या क्लासचं थेट नाव आहे, म्हणजे सन.सिक्युरिटी वगैरेचं. मेसेजमध्ये ‘डझ नॉट एक्स्पोर्ट’ असतं. ह्याला एक्स्पोर्ट्स लागतं, ओपन्स नाही. ह्याचंच भावंड म्हणजे इललीगल ॲक्सेस एक्सेप्शन, शेवटी एरर नाही एक्सेप्शन, ते रिफ्लेक्शनमधून येतं, मेसेजमध्ये तसंच ‘डझ नॉट एक्स्पोर्ट’ दिसलं तर इलाजबी तोच.

तिसरा, जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड सापडत नाही. क्लास नॉट फाउंड किंवा नो क्लास डेफ फाउंड. ह्याचा कुलूपबंदीशी काही संबंध नाही, तो भाग जावा ११ मधून काढूनच टाकलाय. इथं शंभर ओपन्स द्या, काही होणार नाही, कारण उघडायला दारच राहिलं नाही. जॅक्स-बी म्हणजे हाच काढलेला भाग, त्याची डिपेंडन्सी वेगळी घाला आणि पुढं चला.

चौथा, ‘मॉडिफायर्स’ नावाचं फील्ड सापडत नाही. फायनल फील्ड बदलायची ती जुनी युक्ती, रिफ्लेक्शनच्या फील्ड क्लासचंच मॉडिफायर्स फील्ड काढून त्यातला फायनल पुसायचा. जावा १२ पासून ते फील्ड रिफ्लेक्शनला दिसतच नाही. फ्लॅगनं येत नाही. ती युक्ती सोडून द्या, दुसरा मार्ग नाही.

आता पहिल्या चेहऱ्याची एक खरी एरर जवळून बघू. मराठीत मांडली तर अशी असते: ‘प्रायव्हेट फायनल इंट जावा.टाइम.लोकलडेट.इयर हे फील्ड उघडता आलं नाही: जावा.बेस मॉड्यूल जावा.टाइम हे पॅकेज अननेम्ड मॉड्यूलला ओपन्स करत नाही’. ह्यात चार गोष्टी आहेत. कुठलं फील्ड: लोकलडेटचं इयर. कुठलं मॉड्यूल: जावा.बेस. कुठलं पॅकेज: जावा.टाइम. कुणाला नाही म्हटलं: अननेम्ड मॉड्यूलला, म्हणजे क्लासपाथवर पडलेल्या सगळ्या कोडला, तुमचा धरून. अननेम्डच्या पुढं ॲट चिन्ह आणि काहीतरी आकडा-अक्षरं असतात, ती दर वेळी बदलतात, त्यात अर्थ शोधू नका.

पण पाचवी आणि सगळ्यात कामाची गोष्ट मेसेजमध्ये नसते: हात लावला कुणी? ती खाली स्टॅक ट्रेसमध्ये, म्हणजे कुणी कुणाला बोलवलं त्या ओळींच्या यादीत, आहे. जावा.लँग.रिफ्लेक्टच्या ओळी सोडून पहिली जी ओळ येते तो तुमचा माणूस. तिथं जीसन, स्प्रिंग, लोंबोकसारखी एखादी लायब्ररी असेल किंवा तुमचंच पॅकेज असेल. तो कोण आहे ह्यावरच पुढं स्टेज ३ ला जायचं का ४ ला ते ठरतं.

एक्स्पोर्ट आणि ओपनमधला फरक ज्यांच्या डोक्यात बसत नाही त्यांच्यासाठी: एक्स्पोर्ट म्हणजे आडत दुकानात गिऱ्हाईकाला गादीवर बसवून चहा पाजणं, ओपन म्हणजे त्याच्या हातात तिजोरीची किल्ली देणं. एक्स्पोर्ट केलेल्या पॅकेजचे पब्लिक क्लास आणि पब्लिक मेंबर वापरता येतात, प्रायव्हेटला तरीबी हात लावता येत नाही. ओपन केलेल्या पॅकेजमध्ये चालू प्रोग्रॅममधून रिफ्लेक्शननं प्रायव्हेटसकट सगळं उघडता येतं, पण कंपाइल करताना त्याचा काही उपयोग नाही.

इशारा: जुना कोड इललीगल ॲक्सेस एक्सेप्शन पकडून गप्प पुढं जात असेल तर तो आता वाचत नाही. इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन हे रनटाइम एक्सेप्शनच्या वंशातलं आहे, त्या जुन्या कॅचमध्ये ते सापडतच नाही. ‘आधी पण एरर यायची पण चालायचं’ असं कुणी म्हटलं की हे बघा.

## २ – जावा ११ वर यादी काढा

आता प्रोग्रॅम ११ वर चालवा आणि फ्लॅग द्या: --इललीगल-ॲक्सेस=वॉर्न. हा न देता चालवलं तर फक्त पहिल्या घुसखोरीला वॉर्निंग येते आणि मग गप्प, त्यामुळं लोकांना वाटतं एकच प्रॉब्लेम आहे. वॉर्न दिलं की प्रत्येक वेळी येते. वॉर्नच्या जागी डीबग दिलं तर स्टॅक ट्रेससकट येते, लॉग लई मोठा होतो पण ‘कुणी’ ते कळतं. मी आधी वॉर्ननं चालवून यादी बघतो आणि ज्याचा धनी सापडत नाही तेवढ्यापुरतं डीबग लावतो.

मग ती कागदावरची स्क्रीनची यादी घ्या आणि एकेक उघडा. वॉर्निंग एरर-स्ट्रीमवर येतात, म्हणून आउटपुट फाइलमध्ये वळवताना दोन्ही स्ट्रीम वळवा, नाहीतर फाइल रिकामी बघून खुश व्हाल.

ह्याच्या जोडीला जेडेप्स (जावासोबत येणारं, जार कशावर अवलंबून आहे ते दाखवणारं टूल) चालवा, --जेडीके-इंटर्नल्स पर्याय देऊन, तुमच्या जारवर आणि लिब फोल्डरमधल्या सगळ्या जारवर. ते थेट नाव घेतलेले आतले क्लास दाखवतं, आणि काहींच्या पुढं काय वापरा तेबी सुचवतं.

इशारा: जेडेप्सला रिफ्लेक्शन दिसत नाही. नावं स्ट्रिंगमध्ये असतात, त्याला काय कळणार. जेडेप्स कोरं आलं म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही. उलट वॉर्निंगला थेट वापर दिसत नाही. म्हणून दोन्ही लागतात.

शेवटी ११ वरच --इललीगल-ॲक्सेस=डिनाय देऊन एकदा चालवा. ही १७ ची रंगीत तालीम. इथं जे फुटलं ते तिकडं फुटणारच.

तपासा: तुमच्या हातात आता एक यादी हवी, प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: मॉड्यूल आणि पॅकेज, हात लावणारा कोण, कुठल्या स्क्रीनवर. ही नसेल तर पुढं जाऊ नका, खरंच.

## ३ – लायब्ररी अपडेट करा

यादीतल्या बहुतेक ओळी तुमच्या नसतात, लायब्ररीच्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याच नव्या व्हर्जनमध्ये मिटलेल्या असतात. म्हणून फ्लॅगच्या आधी हे.

लोंबोक: जावा १६ साठी १.१८.२०, १७ साठी १.१८.२२ किंवा पुढचं. जुनं असेल तर कंपाइल करतानाच जेडीके.कंपायलर मॉड्यूलची तक्रार येते, आणि लोक जेडीके.कंपायलरचे आठ-दहा फ्लॅग मेव्हनच्या पॉम फाइलमध्ये भरून ठेवतात. एक आकडा बदलला असता तर काम झालं असतं.

स्प्रिंग: क्लासलोडरच्या डिफाइन-क्लासवर ओपन्सची एरर आली आणि खाली सीजीलिब (स्प्रिंग आतून वापरतं ती लायब्ररी) दिसलं तर बहुतेक जुनं स्प्रिंग आहे. ५.३ ची मालिका १७ वर चालते. स्प्रिंग बूट ३ ला जायची घाई करू नका, त्यात जावाएक्स नावानं सुरू होणाऱ्या पॅकेजेसचं नाव बदलून जकार्ता होतं, ते एक वेगळंच मोठं काम आहे आणि दोन मोठी कामं एकाच वेळी केली की कुठली चूक कुणाची ते कळत नाही.

मॉकिटो (टेस्टची लायब्ररी) किंवा हायबरनेट (डेटाबेसची लायब्ररी) ह्यांच्या मागं बाइट-बडी नावाची लायब्ररी असते. ‘जावा १७ (६१) सपोर्टेड नाही’ अशा अर्थाचा मेसेज आला तर तो ६१ म्हणजे क्लास फाइलचा व्हर्जन नंबर, जावा ८ चा ५२ आणि ११ चा ५५ असतो. ही ओपन्सची एरर नाही, बाइट-बडी जुनं आहे एवढंच.

एक चूक नेहमीची. पॉममध्ये व्हर्जन बदललं पण दुसरी कुठली तरी लायब्ररी तीच गोष्ट जुन्या व्हर्जनची ओढून आणते. डिपेंडन्सी ट्री काढून बघा नेमकं कुठलं आलं. आणि ज्यांचं बिल्ड टूलच नाही, लिब फोल्डरमध्ये जार टाकून चालतंय, त्यांनी तर जुना जार डिलीट झालाय का ते डोळ्यानं बघावं, दोन्ही व्हर्जन शेजारी शेजारी पडलेली असतात.

तपासा: एका वेळी एकच लायब्ररी बदला, ११ वर डिनाय लावून चालवा, यादीतली ओळ गेली का बघा, कमिट करा. मग पुढची.

## ४ – स्वतःचा कोड

इथं वेळ द्या, कारण इथं चुकलं तर एरर जाते पण डेटा बिघडतो.

वरची लोकलडेटची एरर घेऊ. हिशोबपट्टी नावाचा क्लास आहे, त्यात शेतकऱ्याचं नाव, तारीख, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई. पट्टी सेव्ह करताना जीसन लायब्ररीनं जेसन (डेटा मजकुरात लिहायचं स्वरूप) बनवायचं आणि फाइलमध्ये नाहीतर टेबलात टाकायचं. तारीख लोकलडेट आहे. जुन्या जीसनला लोकलडेट कळत नाही, म्हणून ते रिफ्लेक्शननं त्याच्या आत शिरून प्रायव्हेट फील्ड वाचायचं. जावा ८ वर बिनबोभाट चाललं. १७ वर दार बंद, पट्टी सेव्हच होत नाही.

सोपा वाटणारा उपाय म्हणजे जावा.टाइम उघडा करणं. करू नका. बरोबर उपाय म्हणजे लोकलडेटसाठी टाइप-ॲडॅप्टर लिहून जीसन-बिल्डरमध्ये रजिस्टर करणं. वीसेक ओळींचं काम. पण बहुतेक जण तो लिहितात आणि इथंच फसतात, कारण ॲडॅप्टरमध्ये सहज म्हणून तारीख सरळ स्ट्रिंग करतात, वर्ष-महिना-दिवस अशी. आणि जुन्या सेव्ह केलेल्या पट्ट्यांमध्ये तारीख काय स्वरूपात आहे? ऑब्जेक्ट आहे: इयर, मंथ, डे अशी तीन फील्ड, कारण रिफ्लेक्शननं आतलंच उचललं होतं. म्हणजे नवीन पट्टी मस्त सेव्ह होते, मागच्या हंगामातली सोयाबीनची पट्टी उघडली की आपटतं. शेतकरी दुकानात उभा, मुनीम फोनवर.

म्हणून ॲडॅप्टर असा लिहा:

१. वाचताना आधी रीडरची पीक मेथड बोलवून पुढचं टोकन कुठलं ते बघा.

२. नल असेल तर नल परत द्या. किंवा ॲडॅप्टरवर नल-सेफ लावा, तेच काम करतं.

३. स्ट्रिंग असेल तर लोकलडेट.पार्स.

४. बिगिन-ऑब्जेक्ट असेल तर आत जाऊन इयर, मंथ, डे नावानं वाचा, क्रमावर विसंबू नका, अनोळखी नाव आलं तर स्किप करा, मग लोकलडेट.ऑफ.

५. लिहिताना एकच स्वरूप, स्ट्रिंग.

पण हे जेसन दुसऱ्या कुणाकडं जात असेल, म्हणजे मोबाइल ॲप किंवा बाजार समितीचं कुठलं पोर्टल, आणि ते तिकडं इयर-मंथ-डे वाचत असेल, तर लिहिताना जुनंच स्वरूप ठेवा. आधी विचारा, मग बदला. लोकलडेटटाइम असेल तर जुन्या जेसनमध्ये आत डेट आणि टाइम असे दोन ऑब्जेक्ट असतात, त्याचा वेगळा ॲडॅप्टर.

तपासा: जावा ८ वर सेव्ह केलेली खरी जुनी फाइल घ्या, १७ वर उघडा, पुन्हा सेव्ह करा, पुन्हा उघडा. तारीख, वजन, रक्कम जुळते का. नवीन एंट्री करून टेस्ट केली तर ही चूक सापडणारच नाही.

स्वतःच्या कोडमधली बाकीची दुखणी लवकर उरकतो. रिफ्लेक्शननं टू-स्ट्रिंग किंवा इक्वल्स बनवणाऱ्या युटिलिटी, कॉमन्स-लँगमधल्या असोत की हातानं लिहिलेल्या, जर फील्डच्या आत फील्ड असं खोल उतरत असतील तर उतरता उतरता जावाच्या क्लासपर्यंत पोचतात आणि फुटतात. क्लास तुमच्या पॅकेजचा नसेल तर तिथं थांबा आणि त्याचं साधं टू-स्ट्रिंग घ्या. लॉग लिहिणाऱ्या कोडमध्ये हे हमखास असतं.

जिथं ‘उघडलं तर ठीक, नाहीतर सोड’ एवढंच हवं तिथं सेट-ॲक्सेसिबलच्या जागी ट्राय-सेट-ॲक्सेसिबल वापरा, ते जावा ९ पासून आहे, दार बंद असेल तर एक्सेप्शन न टाकता फॉल्स देतं. म्हणजे हा कोड परत ८ वर कंपाइल होणार नाही, ते ध्यानात ठेवा. आणि मेथड-हँडल किंवा प्रायव्हेट-लुकअप वापरलं की हे सगळं चुकवता येतं असं काहींना वाटतं. नाही येत. तिथंबी पॅकेज ओपन असावंच लागतं.

## ५ – तरीही उरलं तर फ्लॅग, पण मोजका

लायब्ररी बंद पडलेली, नवीन व्हर्जन नाही, सोर्स नाही. मग फ्लॅग. स्वरूप हे:

--ॲड-ओपन्स=जावा.बेस/जावा.लँग=ऑल-अननेम्ड

आधी दोन डॅश, मॉड्यूल, तिरकी रेघ, पॅकेज, बरोबर, आणि कुणाला. ऑल-अननेम्ड सगळं कॅपिटलमध्ये. --ॲड-ओपन्सच्या पुढंबी स्पेसऐवजी बरोबरचंच चिन्ह द्यायची सवय लावा, कारण स्पेस दिलेलं फक्त जावा कमांडला कळतं, काही ठिकाणी ते चालत नाही, बरोबरचं सगळीकडं चालतं.

इथल्या चुका:

पॅकेज उघडलं म्हणजे त्याच्या खालचं उघडलं असं नाही. जावा.लँग उघडलं तरी जावा.लँग.रिफ्लेक्ट बंदच. जावा.युटिल उघडलं तरी जावा.युटिल.कॉनकरंट बंदच. आणि शेवटी स्टार टाकून सगळं उघडायची सोय नाही, प्रत्येक पॅकेजची वेगळी ओळ.

इललीगल ॲक्सेस एररला ओपन्स देणं, म्हणजे दुसऱ्या चेहऱ्याला पहिल्याचं औषध. तिथं --ॲड-एक्स्पोर्ट्स हवं. तुमचाच कोड आतल्या क्लासचं नाव घेत असेल तर ते कंपाइल करताना आणि चालवताना दोन्हीकडं द्यावं लागतं. आणि कंपाइलरला --रिलीज दिलेलं असेल तर जावाच्या स्वतःच्या मॉड्यूलसाठी एक्स्पोर्ट चालत नाही, सरळ एरर येते, तिथं सोर्स आणि टार्गेट वेगळे द्यावे लागतात.

उलट --ॲड-ओपन्स कंपाइलरला देऊन काही होत नाही, तो फक्त ‘ह्याचा इथं उपयोग नाही’ अशी वॉर्निंग देतो.

तपासा: नाव चुकलं तर प्रोग्रॅम थांबत नाही. सुरुवातीला ‘अननोन मॉड्यूल’ किंवा ‘पॅकेज अमुक मॉड्यूलमध्ये नाही’ अशी वॉर्निंगची एक ओळ येते आणि ती लॉगमध्ये वर निघून जाते. फ्लॅग देऊनबी तीच एरर आली तर सगळ्यात आधी ही ओळ शोधा.

## ६ – फ्लॅग नेमका कुठं ठेवायचा

फ्लॅग बरोबर पण जागा चुकीची, हे तर रोजचं.

टर्मिनलवरून: फ्लॅग -जारच्या आधी. जारच्या नावानंतर जे काही लिहाल ते तुमच्या मेन मेथडला जातं, जावाला त्याचा पत्ताबी लागत नाही, वॉर्निंगबी येत नाही.

डबल-क्लिकनं चालणारा जार: मॅनिफेस्टमध्ये ॲड-ओपन्स नावाची ओळ घाला, किंमत फक्त मॉड्यूल/पॅकेज, अनेक असतील तर मध्ये स्पेस. इथं डॅशबी नाही आणि ऑल-अननेम्डबी लिहायचं नाही, ते गृहीत असतं. जो जार -जारनं सुरू होतो त्याच्याच मॅनिफेस्टमधलं वाचलं जातं, लिब फोल्डरमधल्या जारचं नाही. दुकानदाराकडं द्यायच्या सॉफ्टवेअरसाठी मला हीच जागा आवडते, कारण शॉर्टकट कुणी नवीन बनवला तरी फ्लॅग हरवत नाही.

मेव्हनमधल्या टेस्ट: शुअरफायर हे टेस्ट चालवणारं प्लगइन टेस्टसाठी वेगळा जावा सुरू करतं, त्याला आर्ग-लाइनमध्ये फ्लॅग द्यावा लागतो. आणि जॅकोको (टेस्टचं कव्हरेज मोजणारं टूल) असेल तर तो पण तीच आर्ग-लाइन प्रॉपर्टी वापरतो, तुम्ही सरळ लिहिलं की त्याचा एजंट उडतो आणि कव्हरेज शून्य दिसतं. पुढं ॲट चिन्ह आणि महिरपी कंसात आर्ग-लाइन लिहून मग आपला फ्लॅग जोडा.

टॉमकॅट (वेब सर्व्हर): टॉमकॅटची सुरुवातीची स्क्रिप्ट काही ओपन्स स्वतःच देते, तुमचे जास्तीचे सेट-एन्व्ह फाइलमध्ये कॅटलिना-ऑप्ट्समध्ये घाला, मूळ स्क्रिप्टला हात लावू नका. पण विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर ती सेट-एन्व्ह वाचतच नाही. ऑफिसात स्टार्टअप फाइलनं चालवून ओके केलं आणि गिऱ्हाईकाकडं सर्व्हिस म्हणून फुटलं, ते ह्याच्यामुळं. सर्व्हिसच्या कॉन्फिगरेशन खिडकीत जावा टॅबवर जावा ९ ऑप्शन्सचा वेगळा डबा आहे, तिथं एका ओळीत एक फ्लॅग.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल: जेडीके-जावा-ऑप्शन्स हे जावा ९ पासूनची जावा कमांड वाचते, ८ दुर्लक्ष करतं, म्हणून त्यातल्या त्यात निर्धोक. जावा-टूल-ऑप्शन्स मात्र प्रत्येक जावा वाचतं, आणि त्याच मशीनवर दुसरं कुठलं सॉफ्टवेअर जावा ८ वर असेल तर ते ‘अनरेकग्नाइज्ड ऑप्शन’ म्हणून सुरूच होणार नाही. दुकानातल्या एकाच कॉम्प्युटरवर तीन जणांची तीन सॉफ्टवेअर असतात, दुसऱ्याचं बंद पाडू नका.

तपासा: अंदाज करू नका. चालू प्रोसेसचा नंबर घेऊन जेसीएमडी ह्या जावाच्या टूलला व्हीएम.कमांड_लाइन द्या. खरंच कुठले फ्लॅग लागलेत ते समोर दिसतं. तिथं नसेल तर फ्लॅग पोचलाच नाही, मग बाकी डोकं लावण्यात अर्थ नाही (मॅनिफेस्टमधलं ओपन्स तेवढं सोडून, ते इथं दिसत नाही).

## ७ – तुमच्याकडं मॉड्यूल-इन्फो फाइल असेल तरच हे वाचा

मॉड्यूल-इन्फो म्हणजे आपल्या कोडचं मॉड्यूल जाहीर करणारी फाइल. नसेल तर फक्त ह्या एररसाठी ती बनवू नका. क्लासपाथवरचा तुमचा सगळा कोड अननेम्ड मॉड्यूलमध्ये असतो आणि त्यातली पॅकेजेस एकमेकांना उघडीच असतात, तुमच्या क्लाससाठी ओपन्स लागतच नाही.

असेल तर: एंटिटी आणि डीटीओची (नुसता डेटा वाहून नेणारे क्लास) पॅकेजेस, ज्यांच्यात जॅक्सन किंवा हायबरनेट प्रायव्हेट फील्ड बघतं, त्यांना ओपन्स द्या, आणि शक्यतो कुणाला ते नाव घेऊन, ओपन्स अमुक टू अमुक. एक्स्पोर्ट्स दिलं की झालं असं समजणारे इथं अडकतात. सगळं मॉड्यूलच ओपन करता येतं, घाईत चालून जातं, पण मग मॉड्यूल केलं कशाला.

आणि मॉड्यूल-इन्फो असलेला जार क्लासपाथवर टाकला तर ती फाइल बघितलीच जात नाही. कन्फ्यूजन असेल तर कोडमध्ये गेट-मॉड्यूल प्रिंट करा, अननेम्ड आलं तर तुम्ही मॉड्यूलमध्ये नाही आहात. मॉड्यूलपाथवर असाल तर फ्लॅगमध्ये ऑल-अननेम्ड चालणार नाही, तिथं हात लावणाऱ्या मॉड्यूलचं नाव लागतं.

## ८ – १७ वर शेवटची फेरी आणि झाडलोट

आता १७ वर पूर्ण यादी पुन्हा, वर्षअखेर आणि रिस्टोरसकट. आधी इललीगल-ॲक्सेसचा फ्लॅग सगळीकडून काढा. १७ त्याला ‘इग्नोरिंग ऑप्शन’ म्हणून सोडून देतं, फायदा शून्य, पण वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी सूट चालू आहे.

राहिलेल्या प्रत्येक ओपन्सच्या शेजारी कॉमेंट लिहा: कुठल्या लायब्ररीच्या कुठल्या व्हर्जनसाठी, कुठल्या स्क्रीनवर लागतं. मग एकेक फ्लॅग काढून ती स्क्रीन चालवून बघा. कुणाकडून तरी आलेल्या यादीतले निम्मे फ्लॅग इथं गळतात, आणि ज्याला कॉमेंट लिहिता येत नाही तो फ्लॅग बहुतेक लागतच नसतो.

पुढं २४ वर कधी गेलात आणि सन.मिस्क.अनसेफची वॉर्निंग दिसली तर तिला ओपन्स देत बसू नका. ते पॅकेज जेडीके.अनसपोर्टेड मॉड्यूलमध्ये आधीपासून उघडंच आहे, वॉर्निंग त्यातल्या मेमरीला हात लावणाऱ्या मेथड जायला निघाल्यात म्हणून येते, आणि त्यासाठी परत स्टेज ३, जी लायब्ररी नाव घेतेय तिची नवीन व्हर्जन बघायची.